दुसऱ्या सेटला रॉड अडतो, वजन वाढत नाही? आधी दोन सेटमधला आराम तपासा

जिममध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही. बेंच प्रेसचा, म्हणजे बाकावर आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलण्याचा, पहिला सेट मस्त जातो, दहा रेप्स निघतात, म्हणजे रॉड सलग दहा वेळा वर जातो. दुसऱ्याला सातव्या रेपनंतर रॉड अर्ध्यावर अडतो. तिसऱ्याला पाच कशाबशा होतात, त्यातही शेवटची सपोर्ट देणाऱ्याच्या हातावर. पुढच्या आठवड्यात तेच आणि महिन्याभरानेही तेच. वजन ६० किलोवर चिकटून बसलेलं. मग संशय प्रोटीनवर जातो, झोपेवर जातो, प्रोग्रामवर जातो. प्रोग्राम बदलला जातो आणि दोन महिन्यांनी माणूस पुन्हा त्याच ६० किलोखाली आडवा असतो.

यातली बरीच प्रकरणं दोन सेटमधल्या आरामाची असतात. आराम कमी पडतोय हे लक्षात येत नाही, कारण तो कोणी मोजतच नाही. रेप्स मोजतो, प्लेटा मोजतो, मापाने पावडर घेतो, पण सेट संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत किती वेळ गेला हे विचारलं तर उत्तर येतं, "असेल दीड-दोन मिनिटं." घड्याळ लावून बघितलं की ते कधी ५० सेकंद निघतं, तर ओळखीचं कोणी भेटलं असेल तर सहा मिनिटं. एवढ्या फरकाने आराम होत असेल तर दुसऱ्या सेटच्या आकड्यावरून कसलाही निष्कर्ष काढता येत नाही.

पहिला आठवडा फक्त मोजा

काहीही बदलू नका. नेहमीचंच वजन, नेहमीचाच क्रम. रॉड स्टँडवर ठेवला की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा आणि पुढच्या सेटसाठी रॉडला हात लागला की थांबवा. वहीत रेप्सच्या शेजारी तो वेळ लिहा. आमच्या जिममधल्या एका मुलाच्या वहीतली ओळ अशी होती: "बेंच ६० – १०, ७, ५. आराम १:०५, १:१०." त्याच्याच पुढच्या पानावर "डंबेल साइड रेज ७.५ – १२, १२, ११. आराम २:४०, ३:००." म्हणजे जड व्यायामाला मिनिटभर आणि हलक्याला तीन मिनिटं, नेमकं उलटं. बेंचसाठी मागे माणसं उभी असतात म्हणून तिथे घाई होते आणि डंबेल घेऊन कोपऱ्यात उभं राहिलं की कोणी हटकत नाही. मुलाची मेहनत कमी नव्हती. फक्त त्याचा आराम गर्दी ठरवत होती.

दम परत आला म्हणजे ताकद परत आली असं नाही

हे समजून घेणं फार गरजेचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जड सेट साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटाचा असतो. एवढ्या थोड्या वेळात एवढा जोर लावायचा तर श्वासातून येणाऱ्या ऑक्सिजनवर ऊर्जा तयार करून भागत नाही, तो रस्ता संथ आहे. स्नायूंमध्ये क्रिएटिन फॉस्फेटचा छोटासा तयार साठा असतो, सुरुवातीचा जोर तिथून येतो. तो सेटभरात बराच खाली जातो. सोबत साखर जाळून ऊर्जा घेताना स्नायूत आम्लता वाढते आणि हा साठा वापरताना सुटलेलं फॉस्फेटही साचतं, त्यामुळे आकुंचनाचा जोर कमी पडतो आणि जळजळ जाणवते.

साठा पुन्हा भरतो कसा? सुरुवातीला झपाट्याने: पहिल्या अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा परत येतो. नंतर गती मंदावते. तीन मिनिटांच्या आसपास बहुतेक भरलेला असतो, पूर्ण भरायला पाच मिनिटं किंवा त्याहून जास्तही लागू शकतात. सेट अगदी शेवटच्या दमापर्यंत नेला असेल तर उशीर आणखी होतो.

बेंच प्रेसमध्ये काम करतात ते छाती, खांदा आणि ट्रायसेप (दंडाच्या मागचा स्नायू), म्हणजे मांड्या-पाठीच्या मानाने लहान स्नायू. त्यामुळे धाप फारशी लागत नाही. मिनिटाभरात श्वास नेहमीसारखा होतो, वाटतं आपण तयार आहोत. स्नायू मात्र तयार नसतात, आणि ते सातव्या रेपला कळतं. स्क्वॉटचं, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन मारलेल्या बैठकेचं, याच्या बरोबर उलट. तिथे दोन-तीन मिनिटांनंतरही छाती धपापत असते, आणि कधीकधी मांड्या तयार असूनही दमामुळेच रेप्स कमी पडतात. म्हणून "श्वास जागेवर आला की पुढचा सेट" हा नियम बेंचला लावला तर लवकर उठवतो. नाडीवरून ठरवण्यातही हाच धोका आहे. ब्लड प्रेशरसाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी राहते, मग त्या आकड्यावर आराम ठरवणं आणखी चुकीचं.

"साठ सेकंदांच्या वर थांबायचं नाही" हे आलं कुठून?

बऱ्याच जिममध्ये ट्रेनर आजही हेच सांगतात, आणि ते मनापासून सांगतात. यामागे एक जुनं निरीक्षण आहे. मध्यम वजन, दहाच्या आसपास रेप्स आणि मिनिटभर आराम असा व्यायाम केला की त्यानंतर रक्तातलं ग्रोथ हार्मोन बरंच वाढलेलं दिसतं. १९९० च्या सुमाराच्या अभ्यासांत हे दिसलं आणि तिथून स्नायू वाढवायचे तर आराम कमी, असं समीकरण पक्कं झालं. पुढे लक्षात आलं की ही वाढ थोड्या वेळापुरती असते आणि कोणाचे स्नायू किती वाढतील याच्याशी तिचा फारसा मेळ बसत नाही.

२०१६ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड हे व्यायाम-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट तुलना केली. आधीपासून वजनाचा व्यायाम करणारे तरुण, आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दोन्ही गटांना तेच व्यायाम आणि तेवढेच सेट. एका गटाला मिनिटाचा आराम, दुसऱ्याला तीन मिनिटांचा. तीन मिनिटांच्या गटाची स्क्वॉट आणि बेंचची ताकद जास्त वाढली आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही जास्त वाढली. त्यानंतर २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणातून जे पुढे आलं ते असं: स्नायूंच्या आकारासाठी मिनिटापेक्षा जास्त थांबण्याचा थोडा फायदा आहे, पण दीड मिनिटाच्या पुढे गेल्यावर तो फायदा फारसा वाढत नाही. म्हणजे आकार हवा असेल तर दीड-दोन मिनिटांत काम भागतं. ताकद वाढवायची असेल, आकडा पुढे न्यायचा असेल, तर तीन मिनिटं आणि गरज पडली तर त्याहून जास्त.

आणखी एक गोष्ट मला वाटते. आपल्याकडे व्यायामाची जी जुनी ओळख आहे ती तालमीतली. शंभर-दोनशे जोर, त्याहून जास्त बैठका, अंगातून घामाच्या धारा. तिथे दम टिकवणं हाच हेतू असतो, कुस्तीला तो लागतोच, आणि त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बारबेलच्या जड सेटचा हेतू वेगळा. तिथे थांबलेला माणूस आळशी दिसतो, प्रत्यक्षात तो पुढच्या सेटची तयारी करत असतो.

वेटलिफ्टिंगची स्पर्धा बघितली की हे पटतं. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. त्या खेळात खेळाडूचं नाव पुकारलं की प्रयत्न सुरू करायला एक मिनिट मिळतं, पण लागोपाठ दुसरा प्रयत्नही त्याचाच असेल तर दोन मिनिटं मिळतात. एकाच रेपनंतर नियमच एवढा वेळ देतो, आणि तोही कमी पडतो म्हणून प्रशिक्षक जाहीर केलेलं वजन थोडं वर सरकवून आपल्या खेळाडूला आणखी थोडी उसंत मिळवून देतात.

आता दुरुस्ती

दुसऱ्या आठवड्यात वजन तेच ठेवा आणि पहिल्या दोन मोठ्या व्यायामांना पूर्ण तीन मिनिटं द्या. त्या मुलाच्या वहीत पुढची ओळ आली: "बेंच ६० – १०, ९, ८. आराम ३:००, ३:००." आधी २२ रेप्स होत होत्या, म्हणजे एकूण १,३२० किलो. आता २७ रेप्स, १,६२० किलो. एकाच व्यायामात ३०० किलोचं जास्तीचं काम झालं, प्लेट एकही न वाढवता. हे दर आठवड्याला साचत गेलं की वजन पुढे सरकतं.

रेप्स कशा पडतात त्यावरून बरंच कळतं. १०, ९, ८ अशी उतरण अगदी ठीक आहे, तिला हात लावू नका. १०, ७, ५ आणि आराम दीड मिनिटाच्या आत असेल तर आधी आराम वाढवा. १०, १०, १० आणि तिन्ही सोपे गेले तर वजन कमी पडतंय.

तीन मिनिटं देऊनही दुसऱ्या सेटला तीन-चार रेप्स कमी होत असतील तर पहिला सेट कसा संपतोय ते बघा. बहुतेक वेळा तो पूर्ण फेल होईपर्यंत नेलेला असतो, शेवटची रेप कंबर उचलून, सपोर्ट घेऊन. त्याची किंमत पुढचे दोन सेट मोजतात. पहिला सेट अंगात अजून एखाद-दोन रेप्स बाकी असताना थांबवा. दहा निघत असतील तर आठ-नऊवर. तीन सेटची बेरीज बहुधा वाढलेलीच दिसेल. फेल होईपर्यंत जायचंच असेल तर शेवटच्या सेटला जा.

डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं) आणि पुलअपमध्ये (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) गंमत वेगळी असते: पाठ तयार असते आणि पकड सुटते. तिथे आराम वाढवून थोडाच फरक पडेल. हाताला चॉक (घाम शोषणारी पांढरी पावडर) लावा, जड सेटला मनगटातून रॉडला गुंडाळायचे पट्टे वापरा आणि पकडीचा व्यायाम वेगळा करा. स्क्वॉटला दमच आडवा येत असेल तर आठवड्यातून दोन-तीन दिवस अर्धा तास झपझप चालणं किंवा सायकल सुरू करा. थोड्या आठवड्यांत सेटमधला दम लवकर परत येऊ लागतो. मात्र हा कार्डिओ जड स्क्वॉटच्या लगेच आधी नको. ट्रेडमिलवर वीस मिनिटं पळून थेट रॅकखाली जाणारे खूप दिसतात, आणि मग दोष स्क्वॉटला देतात.

खाण्याचंही बघा. एक वाजता डबा खाऊन साडेसातला जिमला येणाऱ्याच्या पोटात साडेसहा तास काही नसतं. सहाच्या सुमारास केळं, चिक्की, वाटीभर पोहे, काहीही चालेल. उपवासाच्या दिवशी रेप्स कमी होणारच, त्या दिवसाच्या आकड्यावरून प्रोग्राम ठरवू नका. तसंच मे महिन्यात पंख्याखाली चालणाऱ्या कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जिममध्ये घाम, उकाडा आणि वाढलेली नाडी यामुळे प्रत्येक सेटनंतर सावरायला जास्त वेळ लागतो. तिथे तीनऐवजी चार मिनिटं लागली तर ते स्वाभाविक आहे.

सगळ्याच व्यायामांना तीन मिनिटं द्यायची गरज नाही. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, ओव्हरहेड प्रेस, जड रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं) यांना द्या. बायसेप कर्ल, साइड रेज, ट्रायसेप पुशडाउन, पोटरी यांना एक ते दीड मिनिट पुरतं. वॉर्म-अपच्या हलक्या सेटनंतर तर प्लेटा बदलायला लागणारा वेळ हाच आराम. फक्त शेवटच्या वॉर्म-अप सेटनंतर दोन मिनिटं थांबा.

संध्याकाळी सात ते नऊची गर्दी

"तीन मिनिटं बेंच अडवून बसलो तर लोक भांडतील" हा आक्षेप खरा आहे. पण उपाय आहेत, आणि पहिला सगळ्यात सोपा: वाटून घ्या. कोणी "मध्ये मारू का?" विचारलं तर तोंड वाकडं करू नका, आनंदाने हो म्हणा. हिशोब बघा. तिघं एका बेंचवर असतील तर बाकी दोघांचे सेट मिळून साधारण दीड मिनिट, मध्ये तीनदा प्लेटांची चढ-उतार, तुमचा आराम आपोआप अडीच-तीन मिनिटांचा होतो. वर सपोर्ट द्यायला माणूसही मिळतो. चौघं झाले तरी चालतं. पाचवा आला की सेट फार लांबतात, तेव्हा जोडीने दुसरा बेंच बघा.

दुसरा उपाय जोडीचे सेट. एकमेकांच्या कामात न येणारे दोन व्यायाम आलटून-पालटून करायचे: बेंच आणि रोइंग, किंवा शोल्डर प्रेस आणि लॅट पुलडाउन. बेंचचा सेट, दीड मिनिट थांबा, रोइंगचा सेट, दीड मिनिट थांबा, पुन्हा बेंच. छातीला प्रत्यक्षात साडेतीन मिनिटांहून जास्त आराम मिळाला. दोन्ही व्यायामांचे तीन-तीन सेट एकामागून एक तीन मिनिटांच्या आरामाने केले तर साधारण १९ मिनिटं जातात, जोडीने केले तर साडेअकरा. ज्याला तासाभरात जिम आटपून लोकल पकडायची आहे त्याच्यासाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. फक्त स्क्वॉट आणि डेडलिफ्ट अशी जोडी लावू नका, दोन्हींत कंबर आणि दम तेच लागतात. जड डेडलिफ्टच्या मधल्या वेळात क्रंचेस मारणंही टाळा. ज्या पोटाने पाठीला आधार द्यायचा तेच थकवून रॉड उचलण्यात धोका आहे.

वेळच नसेल तर व्यायाम कमी करा, आराम नको. सहा व्यायाम मिनिटाच्या आरामाने धावत करण्यापेक्षा चार व्यायाम नीट आराम देऊन केलेले मला नेहमीच जास्त फळलेले दिसले आहेत. ट्रेनरने हटकलं तर वही दाखवा आणि महिनाभर असं करू द्या म्हणून सांगा. चांगला ट्रेनर आकडे बघून ऐकतो.

त्या तीन मिनिटांत काय करायचं?

सावकाश चाला. दोन-चार घोट पाणी प्या. स्क्वॉटनंतर लगेच बेंचवर आडवं पडू नका किंवा मांडी घालून बसू नका. पायांत साचलेलं रक्त चालण्याने परत फिरतं आणि चक्कर टळते. ज्या स्नायूचा सेट पुढे आहे त्यालाच मिनिटभर ताणून धरू नका, त्याचा जोर थोडा उतरतो. मोबाइलवर स्टॉपवॉचच उघडं ठेवा. रील्स उघडले की तीनाची आठ मिनिटं कधी होतात ते कळत नाही, अंग निवतं, आणि पुढचा सेट जड, आखडलेला लागतो. मध्यम वजनाला पाच मिनिटांच्या पुढे थांबून हाती काही लागत नाही. एक ते तीन रेप्सच्या अगदी जड सेटला मात्र चार-पाच मिनिटं योग्यच.

आराम देऊनही पुन्हा पुन्हा चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत दुखत किंवा दाटत असेल, धडधड थांबत नसेल, तर तो आरामाचा प्रश्न नाही. व्यायाम तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, आजच. ब्लड प्रेशर असणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावण्याबद्दल आणि किती जड उचलायचं याबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

वजन कधी वाढवायचं?

तीन मिनिटांच्या आरामाने तिन्ही सेटला १० रेप्स नीट निघाल्या की, आणि त्याच आरामाने. आराम कमी करणं आणि वजन वाढवणं एकाच आठवड्यात करू नका, काय कशामुळे झालं ते कळणार नाही. ६० वरून थेट ६५ वर उडी बेंचला बऱ्याच जणांना झेपत नाही आणि तिथे पुन्हा अडल्यासारखं वाटतं. ती उडी घ्यावी लागते कारण बऱ्याच जिममध्ये बाहेर ठेवलेली सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असते आणि ती दोन्ही बाजूंना लावावी लागते. सव्वा किलोच्या दोन प्लेटा असल्या की ६२.५ करता येतं. जिममध्ये विचारून बघा, नाहीतर दोन विकत घेऊन बॅगेत ठेवा; रॉडच्या जाडीचं माप मात्र आधी घ्या, कारण सगळ्या रॉडला एकाच भोकाची प्लेट बसत नाही. ६२.५ वर पहिल्या दिवशी ८, ८, ७ निघाले तर घाबरू नका, आरामाला हात न लावता तेच वजन धरून ठेवा आणि दर आठवड्याला एखादी रेप वाढतेय का ते वहीत बघत राहा.